बाजाराची गोळी

माझ्या बायकोनं मला सहा वर्षं फसवलं. ती आता नाही. मेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात, पण घरातले सगळे तिच्याच बाजूनं बोलतात, तर माझी बाजू मीच लिहितो. शिक्षण चौथी. जन्म शेळ्यांमागं गेला. गाव घाटनांदूरच्या अंगाला.

दुसरं कारण असं की दवाखान्यात माझ्या वॉर्डात आणखी दोघांची तोंडं माझ्यासारखीच आलेली होती. एकाला पाणी गिळता येत नव्हतं. तोंड आलं म्हणजे पोट बिघडलं, जाईचा पाला चावा, होईल बरं, एवढंच त्यालाही ठाऊक होतं. मलाही एवढंच ठाऊक होतं. ज्यांना कायमच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी माझं ऐकावं. पटलं तर घ्यावं.

बोटं

सुरुवात बोटांपासून झाली. सकाळी उठलं की बोटं सुजून वांग्यासारखी. मूठ वळायची नाही. शेळीच्या सडाला हात लावला की शेळी मागं वळून बघायची, हा कोण आला म्हणून. धारा काढायचं काम सोजरनं घेतलं. सोजर माझी बायको.

ती मला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. म्हणाल्या, "बाबा, हा संधिवात आहे. जायचा नाही, पण आटोक्यात राहील. गोळी कायम घ्यावी लागेल."

मी म्हणालो, "कायम म्हंजे?"

"कायम म्हणजे कायम."

मला राग आला. शेळीला रोग झाला तर दोन दिवस पाला द्यायचा, नाहीतर विकायची. जन्मभर औषध खाणारं जनावर मी पाहिलेलं नव्हतं. घरी आलो आणि गोळ्यांचं पाकीट उकिरड्यावर फेकलं. सोजर दारात उभी होती. एक शब्द बोलली नाही. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. सोजर गप्प बसली म्हणजे तिनं मनात काहीतरी ठरवलेलं असायचं.

पंधरा दिवसांनी ती माहेरी जाऊन आली. येताना एक डबी आणली. माझीच जुनी तंबाखूची डबी, घासून लख्ख केलेली. आत बारीक पिवळ्या गोळ्या.

"आवं, आमच्याकडच्या एका जाणत्यानं दिल्यात. बाजाराच्या दिवशी एक घ्यायची. पायात बळ येतं, बाजार फिरायला तरास होत न्हाई."

"दवाखान्याच्या न्हाईत ना?"

"दवाखान्याच्या कशाला असत्याल? दवाखान्याच्या तुमी उकिरड्याला चारल्या की."

आमच्या गावचा बाजार आठवड्यातून एकदा. त्या दिवशी सकाळी ती गुळाच्या खड्यात गोळी दाबून हातावर ठेवायची. दोन महिन्यांत बोटं वळायला लागली. मी गावभर सांगत फिरलो, डॉक्टरला जमलं नाही ते जाणत्यानं केलं. ती ऐकायची आणि चुलीत फुंकर घालायची. दर तीन महिन्यांनी मला रक्त तपासायला न्यायची. वय झालं की तपासावं लागतं म्हणायची. रक्त दिलं की डॉक्टरकडं आत ती जायची, मी बाहेर लिंबाखाली बसायचो. सहा वर्षं.

कावळा

मागच्या वर्षी ती गेली. सकाळी चूल पेटवली, चहाचं आधण ठेवलं आणि भिंतीला टेकून बसली. मला वाटलं पित्त झालंय. तीही दोन महिने पित्तच म्हणायची. माझ्या बोटांची खबर ठेवणारीनं आपली छाती दुखते हे कुणाला सांगितलं नाही.

दहाव्याला पिंड ठेवला तर कावळा शिवेना. चार कावळे झाडावर, एक खाली येईना. सगळे मला म्हणाले, तुझ्यात जीव अडकलाय तिचा, तू बोल. मी पुढं झालो. म्हणालो, "शेळ्या विकणार न्हाई. पोराला धरून राहीन." कावळा हलला नाही. पोरगा बाळू बोलला, आबाला सांभाळीन म्हणाला. नाही. तिची बहीण बोलली. नाही.

मग माझी सून मंगल पुढं आली. पदर ओढून खाली वाकली आणि हळूच काहीतरी बोलली. ती मागं सरायच्या आत कावळा उतरला आणि पिंडाला चोच लावली.

लोक म्हणाले, बरं झालं. मला बरं वाटलं नाही. चाळीस वर्षांच्या वर संसार माझ्याशी केला आणि शेवटचं ऐकलं सुनेचं. मंगलला विचारलं, "काय बोललीस?" ती म्हणाली, "काय न्हाई मामा, तुमाला जपीन म्हणाले." एवढंच तर बाळूही म्हणाला होता. तिथून माझ्या मनात मंगलबद्दल खडा बसला.

तीन बाजार

घरात बसवेना. चुलीपुढं नजर गेली की उठून बाहेर जायचो. सोजर होती तेव्हा मी फक्त गावचा बाजार करायचो. आता घाटनांदूरचा करायला लागलो, युसूफ वडगावचाही. शेळी विकायची नसली तरी एखादं लहान पाठरू टेम्पोत घालायचं आणि जायचं. तिथं ओळखीचे लोक बसतात. गणपा म्हणून माझा जुना सोबती आहे, तो म्हणायचा, "भानुदासा, बायको मेल्यावर बाजार गोड लागला का बे?"

आता माझी चूक ऐका. डबी भिंतीतल्या देवळीतच होती, सोजर ठेवायची तिथंच. गावच्या बाजाराला मंगल आठवण करून द्यायची, "मामा, बाजाराची गोळी." मी घ्यायचो. बाकीच्या दोन बाजारांना मीच हातानं घ्यायला लागलो. गोळी बाजाराची आहे ना? मग बाजार तिथं गोळी. सोजरनं असंच सांगितलं होतं. आठवड्याला एक असं ती कधी बोलली नाही. बोलली असती तर मी विचारलं असतं, आठवड्याचा हिशेब जाणत्याचा असतो का डॉक्टरचा.

रक्त तपासायला जाणं सोजरबरोबरच संपलं, पण डबी रिकामी होत आली की आपोआप भरलेली दिसायची. कोण भरतं हे मी विचारलं नाही. सोजर असताना तरी कधी विचारलं होतं?

तोंड

आधी वाटलं तंबाखूचा चुना लागला. तंबाखू सोडली. मग गालाच्या आतून पांढरे चट्टे आले, मग जिभेच्या कडा फाटल्या. भाकरीचा पापुद्रा काचेसारखा टोचायला लागला. ठेचा सोडला. मग कांदा सोडला, चिंच सोडली, मग वांगं, मग टमाटं. दूध कधी झोंबतं का? मला दूध झोंबायचं. मिठाचा एक कण ओठाला लागला तर डोळ्यांतून पाणी यायचं. ज्या जिभेनं मी मिरच्या कोरड्या खाल्ल्या त्या जिभेनं मला दगा दिला. हसायला गेलं की ओठातून रक्त. म्हणून हसणं सोडलं. ते तसं जड गेलं नाही.

कुणी तुरटीच्या गुळण्या सांगितल्या, केल्या. कुणी जाईचा पाला सांगितला, चावला. पोटात अन्न नाही म्हणून पाय लटपटायला लागले. पाय लटपटतात म्हणून बाजाराची गोळी न चुकता घ्यायला लागलो. बळ येतं ना तिच्यानं.

आणि मग मी मंगलला बोललो.

तिनं मुगाचं पातळ वरण केलं होतं. पहिला घास तोंडात गेला आणि आग झाली. मी थुंकलो.

"किती मिरची घातलीस?"

"मामा, मिरचीच न्हाई घातली. मीठ बी नावाला हाय."

"मग काय घातलंस?"

बाळू म्हणाला, "आबा, काय बोलताव?" मी म्हणालो, "खरं तेच बोलतो. सासू गेली, आता सासऱ्याची अडचण झाली आसंल."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण दुसऱ्या दिवशी पारावर चार माणसांत म्हणालो, सून मला खाऊ घालून मारती. गाव केवढं असतं? संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. मंगल शेळ्यांच्या वाड्यात जाऊन बोलत होती, मला आवाज येत होता. ती एवढंच म्हणाली, "न्हाई आई, मी येत न्हाई. मला जागा सोडता येत न्हाई."

त्या रात्री ताट वाढलं आणि ती हलली नाही. माझ्यापुढं खाली बसली. बारा वर्षांत माझ्यासमोर डोक्यावरचा पदर न पडू देणारी पोरगी. तिनं माझ्या ताटातला घास मोडला, वरणात बुडवला, माझ्याकडं बघत खाल्ला. मग म्हणाली, "जेवा आता." रोज दोन्ही वेळा असंच. मला लाज वाटायला पाहिजे होती. मला वाटलं, काय चलाख आहे, आपल्या बाजूचं वेगळं ठेवलं असणार. खोटं कशाला लिहू, असंच वाटलं.

डॉक्टरीणबाईंचा पेन

युसूफ वडगावच्या बाजारात मी शेळीच्या दोरीसकट खाली बसलो ते उठलोच नाही. अंगात ताप, तोंडातून लाळेबरोबर रक्त. गणपानं मला शेळ्यांच्याच टेम्पोत घालून आणलं. तिथून बाळू आणि मंगल दवाखान्यात घेऊन गेले.

त्याच डॉक्टरीणबाई. आता चष्मा लागलेला. म्हणाल्या, "बाबा, आ करा." मी जमेल तेवढं तोंड उघडलं. त्यांनी आत बघितलं आणि विचारलं, "गोळी कशी घेता?"

"कुठली गोळी?"

"सांध्याची. पिवळी."

"ती व्हय. ती बाजाराची गोळी हाय. बाजार आसंल तवा घेतो."

"आठवड्यात किती बाजार?"

"तीन."

त्यांनी पेन खाली ठेवला. "ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते बाबा. एकदाच. जास्त झाली की तोंडाची आतली साल निघते, रक्तातल्या पेशी पडतात. आजींना मी दर वेळी सांगत होते. त्यांना तर पाठ होतं."

"आजी कोण?"

"तुमच्या मंडळी. सहा वर्षं त्याच तर नेत होत्या गोळ्या."

मी मागं बघितलं. मंगल दारात उभी होती. पदर तोंडात धरलेला. तिला बघून सगळं कळलं, आणि माझं डोकं तापलं ते तापापेक्षा जास्त.

कॉट

आठ दिवस ठेवलं. सकाळी सलाईन, सुई, रक्त काढायचं. तीन-तीन तासांनी गुळण्यांचं औषध, ते जिभेला बधिर करायचं. बधिर झालं की दहा मिनिटांत गिळायचं ते गिळून घ्यायचं. सिस्टरनं ही युक्ती सांगितली, तुम्हीही विचारून घ्या. जाड बाई होती, आवाज मोठा. "बाबा, गरम चहा मागितला तर बघा मग!" म्हणायची, आणि जाताना कागदी कपात बर्फाचे खडे ठेवायची. बर्फाचा खडा जिभेवर ठेवला की जरा वेळ आपण माणसात आहोत असं वाटायचं. त्या आठ दिवसांत देव कुठं असला तर त्या कपात होता.

शेजारच्या कॉटवरच्या माणसाला घरचा डबा यायचा. त्यात लसणाचा ठेचा. मी भिंतीकडं तोंड करून पडायचो. वास तरी कुणी बंद करावा?

तिसऱ्या दिवशी मी मंगलशी बोललो. तोवर बोललो नव्हतो.

"तुला ठाव होतं."

"व्हय मामा."

"मग कावून न्हाई सांगितलंस?"

"आत्यानं मला शपथ घातलती. म्हणल्या, त्यास्नी कळलं तर फेकून देत्याल, मग हात पुन्ना आखडतेल. मी गेले तरी सांगू नको."

"आणि डबी लवकर रिकामी होतीया, ते दिसलं न्हाई?"

"दिसलं. मला वाटलं तुमाला कळलं आन् तुमी उकिरड्यावर टाकायला लागलाव. म्हणून मी जुन्या चिठ्ठीवर आणून गप भरत गेले. म्हणलं, टाकतेल तेवढं टाकतेल, एखादी तरी पोटात जाईल."

मी मनात जुळवलं. ती म्हणत होती म्हातारा गोळ्या फेकतो. मी म्हणत होतो सून मिरची घालते. दोघं एका ताटापुढं बसत होतो आणि दोघांच्या मधी मेलेली सोजर.

"दहाव्याला काय बोललीस?"

ती रडायला लागली. "म्हणले, आत्या, गोळीचं मी बघते. सांगणार न्हाई."

माझ्या तोंडाची आग होत होती म्हणून मी ओरडलो नाही. नाहीतर वॉर्ड जागा केला असता. म्हणजे मरताना तिचा जीव माझ्यात अडकला नव्हता. तिच्या खोट्यात अडकला होता. ते खोटं कुणी पुढं चालवणार का, एवढंच तिला बघायचं होतं. मी शेळ्या विकणार नाही म्हणालो ते तिनं ऐकलंच नाही.

बाळू समजवायला आला. "आबा, तुमच्या भल्यासाठी केलं आईनं."

मी म्हणालो, "भलं करायचं तर तोंडावर करावं. गुळात घालून कुत्र्याला देतेत औषद."

तो म्हणाला, "सांगितलं आसतं तर तुमी घेतलं आसतं का?"

खरं सांगायचं तर फेकलंच असतं. ती मला बरोबर ओळखून होती. तोच राग जास्त आहे. फसवणारा खोटा असला तर त्याला शिव्या देता येतात. ती खोटं बोलली आणि तिचं बरोबर निघालं, मग माणसानं शिव्या द्याव्यात कुणाला?

पार

घरी आलो. गोळी महिनाभर बंद होती, मग डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सुरू केली, आठवड्याला एकदा, आणि दुसऱ्या दिवशी तोंडासाठी वेगळी एक. खाणं असं: भाकरी ताकात दोन तास भिजवून कुस्करायची, ताक आंबट नको. ज्वारीची आंबील गार करून. साखर घातलेला दूध-भात. चमचा स्टीलचा टोचतो, बोटानं खावं. ओठाला तूप. कुणी म्हणालं एवढासा ठेचा खाऊन बघ, तर त्याला घराबाहेर काढा.

मंगल अजून माझ्या ताटातला घास आधी खायची. मी म्हणायचो, "राहू दे आता." ती ऐकायची नाही. गावात बोलून ठेवलेलं तसंच होतं ना. दवाखान्यात कळलं ते आम्हा तिघांना. पारावर अजून मंगल विष घालणारीच होती.

एका सकाळी मी पारावर गेलो. तीच माणसं, गणपाही आलेला. मी उभं राहून बोललो, बसून जमलं नसतं. "मी मंगलला बोललो ते खोटं होतं. तिनं काय घातलं नव्हतं."

गणपा म्हणाला, "मग इख कुणी घातलं बे?"

"मीच. आठवड्याला तीन बाजार करून."

मग सगळं सांगितलं. जाणत्याचं सुद्धा, ज्याचं कौतुक मी त्याच पारावर सहा वर्षं केलं होतं. लोक हसले. हसू दिलं. एकजण म्हणाला, "सोजर वहिनी लई हुशार व्हत्या." मी म्हणालो, "तुला कुणी इचारलं?"

बातमी माझ्याआधी घरी पोचली. दुपारी मंगलनं ताट वाढलं, भिजवलेली भाकरी, वर तूप. ताट ठेवलं आणि ती शेळ्यांना पाणी पाजायला गेली. घास घेतला नाही. मी एकटा जेवलो. तोंड झोंबत होतं, पण ते चट्ट्यांनी नव्हतं.

आता

डबी मी फेकली. गोळ्या पाकिटातच ठेवतो, पाकिटावर मंगलनं वाराचं नाव लिहिलंय. मी वाचून घेतो, हातानं, गुळाशिवाय. कडू लागते. बायांना सांगतो, नवऱ्याला गोळी फसवून देऊ नका. तुमच्या माघारी ती कशी घ्यायची हे त्याला कोण सांगणार? आणि बाप्यांनो, बायकोला खोटं बोलावं लागंल असं वागू नका. हे दुसरं मला आता सांगायचा काय अधिकार, पण सांगतो.

सोजरला मी माफ केलेलं नाही. फोटोला हार घालतो, पण तिच्याकडं बघत नाही.

परवा तिचं वर्षश्राद्ध झालं. पिंड मांडला. मी ठरवून गेलो होतो की यावेळी कावळा शिवला नाही तर पुढं होऊन मोठ्यानं बोलायचं, सोजरा, मला सगळं कळलं, तू कावून एकदा तोंडानं सांगितलं न्हाईस? फेकलं असतं, भांडलो असतो, पण सुनेला कळलं ते मला कळलं असतं. रात्रभर शब्द जुळवले होते. तोंडही बरं होतं, बोलता आलं असतं.

पिंड खाली ठेवून हात काढायच्या आत कावळा येऊन शिवला. लोक म्हणाले, समाधान झालं वहिनीचं, काही राहिलं नाही तिचं.

खरं आहे. तिचं काही राहिलं नाही. माझं राहिलंय, आणि माझं ऐकायला थांबायचा तो कावळा शिवून उडून गेला.